क्रूस उतरवला म्हणजे चॅपल सगळ्यांचं होतं?

दुपारच्या मीटिंगमधून उठून आले, ती अजून धुमसतेच आहे. आमच्या कॉलेजच्या चॅपलमधला, म्हणजे आवारातल्या ख्रिस्ती प्रार्थनाघरातला, क्रूस उतरवायचा आणि दारावर 'शांती केंद्र' अशी पाटी लावायची, असा प्रस्ताव आलाय. कारण काय, तर सगळ्या धर्मांच्या मुलांना ती जागा आपली वाटावी. मांडणारी माणसं धर्मद्वेष्टी नाहीत, चांगली आहेत. म्हणूनच जास्त लागलं.

नव्या मित्रमंडळींसाठी सांगते, अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात मी चॅपलन आहे. कॉलेज चर्चनं काढलेलं, पण आज इथे मुस्लिम, हिंदू, बौद्ध, ज्यू आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलंही शिकतात. चॅपलन म्हणजे रविवारी उपदेश करणारी बाई, असं पुष्कळांना वाटतं. माझा बराचसा वेळ जातो तो रमजानात पहाटे मेस उघडी ठेवा म्हणून भांडण्यात, योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या उपवासाच्या पवित्र दिवशी, परीक्षा लावू नका म्हणून प्राध्यापकांच्या मागे लागण्यात, आणि अपरात्री दार वाजवणाऱ्या पोरांजवळ नुसतं बसण्यात.

अशीच एक मुस्लिम मुलगी पहिल्या वर्षाला असताना नमाजासाठी जागा मागायला आली होती. दुपारी शांत अशी जागा एकच, चॅपल. ऑफिसातलं कुणीतरी लगबगीनं क्रूसावर टाकायला पडदा घेऊन आलं. ती म्हणाली, "पडदा कशाला? किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, त्या कोपऱ्याकडे येतो, मी तिकडे तोंड करीन. ही तुमची प्रार्थनेची जागा आहे, म्हणून तर इथे मागायला आले."

अठरा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते आमच्या कमिटीला कळत नाही! पाहुण्याला घरात घ्यायचं तर आधी घर असावं लागतं. भिंती कोऱ्या केल्यात तर तिथे कोण कुणाला या म्हणणार?

आणि ही विविधता आली कुठून? केंटकीतलं बेरिया कॉलेज बघा. १८५५ साली जॉन फी या गुलामगिरीविरोधी पाळकानं सुरू केलं. देवानं पृथ्वीवरचे सगळे लोक एकाच रक्ताचे केले, हे बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं वचन कॉलेजचं ब्रीद. १८६६ पासून तिथे काळी-गोरी मुलं एका वर्गात बसत होती. १९०४ मध्ये राज्यानं कायदा करून ते बंद पाडलं, १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो कायदा उचलून धरला. १९५० साली कायदा बदलला तेव्हा बेरियानं पुन्हा दार उघडलं. त्या मुलांना शेजारी बसवण्याचं बळ त्या वचनातूनच आलं होतं. तेच आज आम्हाला अडचणीचं वाटायला लागलंय!

हो, सक्तीचा इतिहास आहे, नाकारत नाही. हार्वर्डनं सक्तीची उपासना १८८६ मध्ये सोडली, येलनं तर थेट १९२६ मध्ये. सक्ती गेली ते उत्तमच झालं. आणि क्रूस दिसला की अंगावर काटा येणारी मुलंही माझ्याकडे येतात, घरच्या चर्चनंच हाकललेली. त्यांना मी चॅपलमध्ये चला म्हणत नाही. आम्ही मैदानाला फेऱ्या मारतो. पण त्यांच्या जखमेचं मूळ क्रूस उतरवून निघणार आहे का? त्यांना हवी असते ती त्याच क्रूसाखालची एखादी व्यक्ती, जी त्यांना हाकलणार नाही.

उद्या माझ्या खुर्चीत हिंदू माणूस बसला तर? बसू दे. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी उभ्या केलेल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात २००८ पासून धार्मिक जीवनाचे प्रमुख वरुण सोनी आहेत, ते हिंदूच. माझा हट्ट खुर्चीसाठी नाही.

ती मुलगी पुन्हा डोळ्यांसमोर येते. पुढच्या वर्षी तिचे वडील गेले, दूर, मायदेशी. समुपदेशन केंद्राची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली. ती चॅपलच्या पायरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा, मी माझ्या पद्धतीनं करते." मी येशूच्या नावानं प्रार्थना केली, तिनं दुवा मागितली. त्या रात्री मी सगळ्यांना चालेल असं काहीतरी गुळमुळीत पुटपुटले असते, तर तिला काय मिळालं असतं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. प्रस्ताव मांडणाऱ्या सरांनाही मुलांची काळजीच आहे, हे मला ठाऊक आहे. दारावर सगळ्या भाषांत 'या' लिहा, चपला-बुटांसाठी फळी लावा, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, नळ द्या, ध्यानाला बसणाऱ्यांसाठी बाजूची खोली मोकळी करा. हे सगळं मी कधीची मागतेय आणि दर वेळी पैसे नाहीत म्हणून सांगतात. पाटी बदलायला मात्र पैसे निघाले.

पुढच्या मीटिंगला त्या मुलीला बोलवा, असं एकानं सुचवलं. नाही बोलावणार. आमच्या क्रूसाची बाजू मांडण्याचं ओझं तिच्यावर का? ते काम माझं आहे. तुमच्यापैकी जे मिशनच्या कॉलेजात शिकलेत, विशेषतः ख्रिस्ती नसलेले, त्यांनी खाली लिहा, तिथे तुम्हाला काय वाटायचं. कडू असेल तेही लिहा. ते वाचूनच मी मीटिंगला जाणार आहे.