मार्च बहर

तुम्ही नुकतेच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात, ‘अंतर्गत संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत’ हे परिपत्रक वाचलंत आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही, असं तुमच्याच विभागातल्या शिपायाकडून कळलं. अभिनंदन. मी या तापातून तीनदा उठलो आहे. त्यामुळे वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरल्यामुळे वेळही आहे.

विद्यापीठ कोणतं, ते मात्र विचारू नका. नागपुरात १९२३ सालचं एक आहे, पशू आणि मत्स्य विज्ञानाचं एक आहे, खासगी आहेत, शिवाय स्वायत्त महाविद्यालयं आहेतच. फाईलची दोरी सगळीकडे सारखीच बांधतात.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. सरकारकडून येतो तो बहुतेक पगारात जातो. अंतर्गत अनुदान निघतं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या गल्ल्यातून. आणि त्या गल्ल्यात असतं परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, ठेवींवरचं व्याज. म्हणजे काटोलच्या एखाद्या पोरीने फॉर्म उशिरा भरला म्हणून विलंब शुल्क दिलं, की तेच पैसे चार टेबलं फिरून तिच्याच ‘विद्यार्थी संशोधन प्रकल्प योजने’त येऊन बसतात. तिथे त्यांचं नाव अनुदान. तिने दोन प्रतींत अर्ज करायचा, विभागप्रमुखांची शिफारस जोडायची आणि मंजूर झालं तर अहवालाच्या पहिल्या पानावर विद्यापीठाचे आभार मानायचे.

आता विद्यापीठाला एकाएकी संशोधनाचं प्रेम का आलं, असा कुत्सित प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ देऊ नका. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात, शिक्षकांना बीजनिधी म्हणून किती लाख रुपये दिले, असा चक्क एक रकाना आहे. दिले किती, एवढंच तिथे लिहायचं. त्या बीजातून उगवलं काय, याचा रकाना वेगळा असतो आणि तो भरायची पाळी दुसऱ्याच कुणाची तरी असते. मूळ कल्पना वाईट नव्हती हो. छोट्या पैशांत प्राथमिक काम करावं, चार नोंदी हाताशी आल्या की त्या घेऊन दिल्लीला मोठ्या अनुदानासाठी अर्ज करावा. तिकडे २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं आहे. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येईल अशी अपेक्षा. तुमच्या ४० हजारांच्या बीजाला कुठल्या वडाचं स्वप्न पडायला हवं, ते यावरून लक्षात घ्या.

प्रस्ताव लिहिताना प्रश्न साधा ठेवू नका. माझ्याकडे एमएस्सीला एक मुलगी होती, तिच्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग. तिने शीर्षक दिलं होतं : ‘आमच्या बागेतली संत्री का गळतात?’ मी ते वाचून घाबरलो. इतका सरळ प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपल्याकडे उत्तर माहीत नाही, हे लगेच उघड होतं. तिला बसवून आम्ही ते सुधारलं : ‘विदर्भातील निवडक संत्रा बागांमधील आंबिया बहराच्या फळगळीचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ काटोल तालुका.’ प्रस्तावनेत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणलं, शाश्वत विकास आणला, भारतीय ज्ञानप्रणाली आणली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला शेवटच्या परिच्छेदात ‘भविष्यातील वाव’ म्हणून बसवलं. मुलगी विचारत होती, “सर, यात गळ कुठं आहे?” तिला सांगितलं, परिशिष्टात आहे.

छाननी समितीपुढे सादरीकरण सकाळी अकराला असेल, तर तीनपर्यंत नंबर लागतो. समितीत एक रसायनशास्त्राचे, एक वाणिज्यचे आणि एक सगळ्याच विषयांचे असतात. ‘याचा समाजाला उपयोग काय?’ हा प्रश्न ते तिघंही विचारतात, पण उत्तर ऐकायची वेळ आली की नेमका तर्री पोहा येतो. घाईघाईने उत्तर देऊ नका. तर्री नागपूरची आहे, ती माणसाला दोन मिनिटं तरी दुसरं काही सुचू देत नाही. पोहा संपला की समिती ताज्या मनाने अंदाजपत्रकाकडे वळते आणि सगळ्यात आधी प्रवासखर्च उडवते. बाग काटोलला, म्हणजे साठेक किलोमीटरवर आहे, असं मी नम्रपणे म्हटल्यावर तिसऱ्या सरांनी तितक्याच नम्रपणे विचारलं होतं, “कॅम्पसमध्ये एखादं झाड नाही का?”

आणि आता मुख्य गोष्ट, दिनदर्शिका. संत्र्याला आपल्याकडे दोन बहर धरतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची पाऊस पडल्यावर. आंबियाचं फळ मोठं होत आलं की ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाची झड लागते आणि बागेत सकाळी झाडाखाली पिवळा सडा पडतो. त्यातलं कुठलं फळ झाडाच्या अशक्तपणाने गळालं, कुठलं बुरशीने आणि कुठलं रस शोषणाऱ्या पतंगाने, हे त्या मुलीला वेगवेगळं मोजायचं होतं. त्यासाठी तिथे रोज सकाळी जायला हवं, आणि तेही ऑगस्टमध्येच.

विद्यापीठाला मात्र एकच बहर कळतो, मार्च. प्रस्ताव जुलैत मागवतात, छाननी दिवाळीनंतर, मग समितीचं इतिवृत्त कायम व्हायचं, वित्त व लेखा समितीपुढे जायचं, तिथून व्यवस्थापन परिषदेकडे. तेवढ्यात हिवाळी अधिवेशन लागतं आणि अर्धं कार्यालय कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं उत्तर तयार करायला जातं. मंजुरीचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी हातात पडतं. पहिला हप्ता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जमा होतो, आणि त्याच्यासोबत सूचना येते की ३१ मार्चपर्यंत खर्च करा, अन्यथा अखर्चित रक्कम परत. ऑगस्टमधली फळगळ मार्चमध्ये कशी मोजायची, असं मी कार्यालयातल्या बडे बाबूंना विचारलं. ते विचारात पडले. मग म्हणाले, “सर, तुम्ही सामान तर घेऊन ठेवा. गळ काय, होतेच जी.”

इतकं सगळं ऐकून वैतागू नका, कारण उशिराची आपली परंपरा थोर आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३०च्या मृत्युपत्रात सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानासाठी ठेवले. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली १९४२ साली. एक तप झालं. दात्याने ना कोटेशन मागितलं, ना उपयोगिता प्रमाणपत्र. तरी एक तप. आणि ती संस्था आजही उभी आहे, आता तर स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. तुम्ही आठ महिन्यांत कुरकुर करता.

खरेदीत भावनेला जागा देऊ नका. तीन कोटेशनं लागतात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता. सीताबर्डीत ज्या दुकानात तुम्ही पहिलं कोटेशन मागाल, तो दुकानदारच प्रेमाने विचारेल, “बाकीची दोन मीच देऊ का सर?” त्याची तीन लेटरहेडं वेगवेगळ्या टंकात असतात, एवढी सचोटी त्याने पाळलेली असते. शिवाय जीएसटी विसरू नका. संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्क्यांची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली आणि बहुतेक उपकरणं १८ टक्क्यांच्या पंगतीत जाऊन बसली. उलट २०२४च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने ठरवलं की संशोधनासाठी मिळणाऱ्या अनुदानावर कर नको. म्हणजे पैसे हातात येताना कर नाही, हातातून जाताना आहे. मधल्या मध्ये जो आनंद मिळतो तो तुमचा.

मुलीला हवा होता एक भिंग, एक वजनकाटा आणि काटोलच्या एसटीचं भाडं. भाडं समितीने उडवलं होतं. भिंग ‘उपकरणे’ या शीर्षाखाली येईना, कारण उपकरण म्हणजे निदान वायर हवी अशी बडे बाबूंची धारणा. उपकरणांचे पैसे प्रवासाकडे वळवायचे तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव हवा, त्याला पुन्हा तीच समिती. तारीख होती २६ मार्च. मग विभागातल्या सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं. आम्ही प्रिंटरची कार्ट्रिजं घेतली.

कार्ट्रिज हे भारतीय संशोधनाचं मूलद्रव्य आहे. मार्चमध्ये मिळतं, बिलासह मिळतं, आणि त्याने संशोधन झालं की नाही हे कुणी सिद्ध करू शकत नाही. आमचा प्रिंटर बंद पडून दोन वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी. पण प्रिंटर हा उपकरणांत येतो आणि कार्ट्रिज उपभोग्य वस्तूंत, दोन शीर्षं एकत्र करून चालत नाही. आपला देश २०२०-२१ साली संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करत होता, म्हणून लोक हळहळतात. त्या ०.६४मध्ये आमच्या कपाटातली कार्ट्रिजंही असतील, या विचाराने माझा ऊर मात्र भरून येतो.

विद्यार्थ्यांच्या शिकण्यासाठी जे वेगळं अनुदान असतं, त्याचं काम सोपं आहे. एकदिवसीय कार्यशाळा घ्या. फ्लेक्स, शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोपटं, पाहुण्यांचं मानधन, दोनशे पुऱ्या. उद्घाटन लांबलं तर सत्र रद्द करा. समारोप रद्द करू नका, त्यात प्रमाणपत्रं वाटायची असतात. पोरांना खरंच काही करून बघायचं असेल, तर आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहेच. तिथे पोस्टर चिकटवून दिवसभर उभं राहायला मिळतं, आणि मी खोटं बोलणार नाही, तिथे कधीकधी एखादं पोर असं काही दाखवतं की परीक्षकही खुर्ची ओढून बसतो. त्याला खर्च किती आला म्हणून विचारलंत, तर बहुतेक वेळा पैसे घरच्यांनी दिलेले असतात.

ती मुलगी ऑगस्टमध्ये गेलीच. नागपूरहून रोज जाणं जमेना, म्हणून घरीच राहिली. वीस झाडं निवडून त्यांना चुन्याने नंबर घातले, खालचा जमिनीचा तुकडा झाडून घेतला आणि पहाटे गायी सोडायच्या आधी पडलेली फळं मोजायची. भिंग शाळेतल्या भावाचं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी इतवारीत मारबत बघायला उभा होतो. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून लोक रोगराई, महागाई, जे नको ते सगळं काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या गळ्यात घालत होते, आणि मी मनात आमचा दुसरा हप्ता घालत होतो. त्या कल्लोळात तिचा फोन आला. “सर, बुरशीची गळ फक्त पाणी साचतं त्याच ओळीत आहे. बाबांना सांगितलं, त्यांनी काल चर काढला.” मी ओरडून म्हटलं, हे सगळं लिहून ठेव. ती म्हणाली, “वहीत आहे.”

वहीचं बिल नव्हतं, हे नंतर कळलं.

उपयोगिता प्रमाणपत्र मात्र आमचं निर्दोष होतं. ‘प्रमाणित करण्यात येते की, ज्या प्रयोजनासाठी अनुदान मंजूर झाले त्याच प्रयोजनासाठी ते खर्च करण्यात आले आहे.’ खाली माझी सही, विभागप्रमुखांची सही, सनदी लेखापालाचा शिक्का. सही करताना हात थरथरला तर काळजी करू नका, पहिल्या वेळी सगळ्यांचा थरथरतो. अहवालासोबत मी भाबडेपणाने त्या वहीची छायाप्रत जोडली; ही चूक तुम्ही करू नका. कार्ट्रिजांबद्दल लेखापरीक्षणात एक अवाक्षर निघालं नाही. जडसंग्रह, म्हणजे डेडस्टॉक, नोंदवही बघून साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि गेल्या आठवड्यात आक्षेप आला : ‘प्रकल्प कालावधीत मोठ्या प्रमाणावर फळे गळाल्याचे दिसून येते. सदर फळांची नोंद साठा नोंदवहीत आढळून येत नाही. त्यांची विल्हेवाट कशी लावली, लिलाव केला काय, व रक्कम विद्यापीठ निधीत जमा केली काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’

उद्या सातवा दिवस. मुलीला विचारलं तर म्हणाली, “शेळ्यांनी खाल्ली सर.” ते खरं आहे, पण तसं लिहू नका, असा बडे बाबूंचा सल्ला आहे. शेळ्यांची तीन कोटेशनं मागतील.