भांड्याचा काय संबंध? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

हायड्राझिन हे बॉयलरच्या पाण्यात घालतात ते विषारी, पेट घेणारं द्रव रसायन. बंद गोडाऊनमध्ये त्याची वाफ किती वेगाने नष्ट होते हे भांडं किंवा भिंत कशाची आहे यावर ठरतं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, ‘रसायन एक, हवा एक, मग ते नष्ट होण्याचा वेग भांड्यागणिक कसा बदलेल? पिंपरीत बॉयलरवर आयुष्य काढलंय, लोकांना उगाच घाबरवू नका.’

बॉयलरचा विषय तुम्हीच काढलात, बरं झालं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवायला हायड्राझिन घालतात. नायट्रोजन आणि पाणी उरतं. पण तेच हायड्राझिन नळीच्या आतल्या तांबड्या गंजाचं मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, करतं, हेही तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे नळी नुसती बघत बसत नाही.

वाफेचंही तेच. बंद जागेत हायड्राझिनची ऑक्सिजनशी प्रक्रिया हवेत अगदी संथ चालते, खरं काम भिंतीवर होतं. टेफ्लॉनच्या पिशवीत वाफ तासन्‌तास टिकते, धातूच्या ऑक्साइडवर झपाट्याने घटते. म्हणून भिंत कशाची होती हे न सांगता दिलेला अर्धायुष्याचा, म्हणजे वाफ निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळाचा, आकडा मी तरी मोजत नाही.

आणि आकडेच हवेत तर हे घ्या. निर्जल (पाणी न मिसळलेलं) हायड्राझिन आपोआप पेट घेतं ते काचेवर साधारण 270 अंश सेल्सिअसला, स्टेनलेस स्टीलवर 156 ला, आणि गंजलेल्या लोखंडावर 23 ला! पुण्यात 23 अंश म्हणजे पावसाळ्यातली गार सकाळ. तुमच्याकडचं पाणी मिसळलेलं हायड्रेट, त्याला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, हे मान्य.

यावर कुणी म्हणेल, ‘लवकर नाहीसं होतं, मग चांगलंच की’, ते मात्र पटत नाही. काही वाफ भिंतीला नुसती चिकटते आणि नंतर परत सुटते. शिवाय इस्रोच्या रॉकेटांतल्या ‘विकास’ इंजिनाच्या इंधनात असतं ते यूडीएमएच (हायड्राझिनचाच भाऊबंद) हवेत ऑक्सिडाइझ होताना एनडीएमए नावाचं दुसरं रसायन तयार होतं, आणि त्याने प्राण्यांत कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय.

मोकळ्या हवेत तुमचं बरोबर आहे. तिथे ओझोन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (हवेतले अतिशय क्रियाशील कण) वाफेचा निकाल लावतात, भिंतीचा प्रश्नच येत नाही. माझा लेख गोडाऊनबद्दल होता. तिथे नाकावरही भरवसा नको, वास येतो साधारण 3-4 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 3-4 भाग), तर अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा 0.01 पीपीएम आहे.

तुमच्याकडे ड्रमखालचा ट्रे कशाचा होता आणि सांडलेलं पुसलेलं कॉटन वेस्ट कुठे टाकायचे, ते जरूर कळवा.