पाचशेच्या बॉण्डवर घर नावावर होत नाही

घर घेताना लाखो रुपये कसे वाचवावेत, हे सांगणारा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्या मावसभावाने तो मला पाठवला विसार द्यायच्या आदल्या दिवशी, म्हणून हा प्रतिवाद. मेसेजचं म्हणणं असं: पाचशेच्या बॉण्डवर साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून नोटरी करा, जोडीला कुलमुखत्यारपत्र (विकणाऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) आणि विकणाऱ्याचं मृत्युपत्र घ्या, रजिस्ट्रीची गरज नाही, हे कागद कोर्टातही चालतात. बारा वर्षं ताबा राहिला की मालकी आपोआप मिळते. सातबारा आणि घरपट्टी नावावर झाली की कोणी हात लावू शकत नाही. महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नंबर असेल तर वकील कशाला? आणि बाईच्या नावावर घेतलं की एक टक्का वाचतो.

शेवटचं खरं आहे. महाराष्ट्रात राहत्या घराच्या खरेदीत मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, पण खरेदीदार फक्त महिला असतील तरच. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली.

आता पहिला मुद्दा, कारण माणसं बुडतात ती इथेच. नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. घर त्याचं आहे का, त्यावर बँकेचा बोजा आहे का, तेच घर काल दुसऱ्याला विकलंय का, हे तपासणं नोटरीचं काम नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 नुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्याच कलमात हेही लिहिलंय की नुसत्या साठेखताने मालमत्तेत कसलाही हक्क तयार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात नेमकं हेच त्रिकूट तपासलं: साठेखत, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र. निकाल स्पष्ट आहे, यातून मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे ते संपतं. मृत्युपत्र तर तो जिवंत असेपर्यंत केव्हाही बदलू शकतो, आणि तुम्हाला कळणारही नाही.

सगळ्यात मोठा धोका हा की नोटरीचा कागद कोणालाच दिसत नाही. नोंदणी झालेला दस्त दुय्यम निबंधकाच्या इंडेक्स 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, येतो आणि शोध घेणाऱ्या प्रत्येकाला सापडतो. तुमचा बॉण्ड तुमच्या कपाटात पडलेला. विकणाऱ्याने उद्या तेच घर दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखताने दिलं, तर त्या माणसाचा शोध अहवाल स्वच्छच येईल आणि भांडणात त्याची बाजू वरचढ ठरेल.

‘कोर्टातही चालतं’ यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नोंदणी कायद्याच्या कलम 49 च्या परंतुकामुळे (त्यातल्या अपवादामुळे), विकणाऱ्याला खरेदीखत करून द्यायला लावण्याच्या दाव्यात अनोंदणीकृत साठेखत पुरावा म्हणून दाखवता येतं. पण आधी त्यावरचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्रात ताब्यासह केलेलं साठेखत शुल्कासाठी खरेदीखतच धरतात. पुणे महापालिका हद्दीत 40 लाखांचा फ्लॅट घ्या: 7 टक्क्यांनी 2,80,000 रुपये. पाचशे भरले असतील तर कमी पडले 2,79,500, आणि त्यावर दरमहा 2 टक्के दंड, म्हणजे महिन्याला 5,590 रुपये. कमाल मर्यादा तुटीच्या चौपट.

मग बारा वर्षांचं काय? मुदत कायद्यातली 12 वर्षं मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ठेवलेल्या ताब्यासाठी आहेत. साठेखतातून मिळालेला ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. परवानगीचा ताबा बारा काय, तीस वर्षं राहिला तरी आपोआप विरोधी होत नाही. ज्या कागदावर विसंबून तुम्ही आत आलात, तोच कागद तुमचा दावा मोडतो. आणि वरच्या फ्लॅटवर बारा वर्षांत दंड साचतो 8,04,960 रुपये, मूळ तूट वेगळी. ताबा घेतलेल्या खरेदीदाराला विकणाऱ्याने बाहेर काढू नये म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ मध्ये असलेलं संरक्षणही 24 सप्टेंबर 2001 पासून साठेखत नोंदवलेलं असेल तरच मिळतं.

सातबारा आणि घरपट्टी महसूल आणि कर वसुलीसाठी असतात. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही.

महारेराच्या नंबरातून प्रकल्प नोंदलेला आहे एवढंच कळतं. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांना तो नंबर लागतच नाही, आणि एका मालकाकडून घेतलेल्या जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात तो तुमच्या कामाचा नाही. नव्या प्रकल्पात मात्र एक गोष्ट पक्की धरा: नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरने 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागू नये.

विसार देण्याआधी विकणाऱ्याकडून मागा: मागच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स 2, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं भागपत्र आणि थकबाकी नसल्याचं पत्र, कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. ऑनलाइन शोधात जुनी वर्षं पूर्ण सापडत नाहीत, ती कार्यालयात अर्ज करून काढावी लागतात. मुद्रांक शुल्क रेडीरेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत आणि करारातली किंमत यांत जी जास्त त्यावर लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवा, पुढचे चार महिने दंड भरून मिळतात.

विकणारा ‘इथे रजिस्ट्री होत नाही, नोटरीच चालते’ म्हणत असेल, तर का होत नाही ते विचारा. बहुतेकदा गुंठ्यांचे तुकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात (जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या बंदीत) अडकलेले असतात. नियमितीकरणाच्या सवलती त्या गटाला लागू आहेत का, हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्या.

ज्यांनी नोटरी करून ठेवलीय आणि विकणारा हयात आहे, त्यांनी पूर्ण शुल्क भरून त्याच्याकडून नवं खरेदीखत करून घ्यावं. तो नाकारत असेल तर दाव्याची मुदत तीन वर्षं: करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळल्यापासून.