मथळा जरा जपून

तुमचा लेख चांगला आहे, पण पक्षाघातानंतर गेलेली नजर चुंबकीय उपचाराने ‘परत येते’ असा मथळा देणं जास्तच झालं. डोक्याला कॉइल लावून चुंबकीय झटके द्यायचं तंत्र १९८५ सालचं, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधक बार्करांचं. अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. अशा दृष्टीदोषावर मात्र ते अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे, आणि हे तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंय.

आमच्या सांगलीत मामांचं हेच झालं. डावीकडचं दिसेना, तेही दोन्ही डोळ्यांनी बरं का! डोळे ठणठणीत, बिघाड मेंदूच्या मागच्या भागात. घरच्यांनी आधी चष्मा बदलून आणला, दुकानदाराचं भलं झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) केली तेव्हा कुठे उलगडा झाला. पेपर वाचताना मामांना ओळीची सुरुवातच सापडायची नाही. ‘असे ते म्हणाले’ इथूनच बातमी सुरू! मग पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं. जवळपास फुकटचा उपाय, पण अग्रलेखापर्यंत गाडी आली. गणपती पेठेत मात्र अजून आम्ही त्यांच्या डाव्या हाताला चालतो.

नजर आपोआप सुधारायची ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच सुधारते. त्या काळात कुणी चुंबकाचं पॅकेज गळ्यात मारलं, तर गुण कशाचा आला हे कसं कळणार? आणि पूर्वी फिट आली असेल, पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, तर मशीनजवळ जाण्याआधीच सांगा.