‘दिल्लीची सेडान दोन लाखात’ वाल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका राजेहो

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, घरात लग्न आहे, की आपल्याकडं गाडीचा विषय निघतेच, अन् नेमका याच टायमाला तो मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिला आहे. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल सेडान दोन लाखात मिळतात, मीटर साठ हजाराच्या आत असलं म्हणजे डोळे झाकून घ्या, आरटीओच्या भानगडीत पडू नका, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी अन् 29-30 वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सही झाली की गाडी तुमची, चालू इन्शुरन्स तोच पुढे चालतो, ब्रँड कोणताही चालते, अन् जुन्या गाडीचा पत्रा जाड म्हणून ती जास्त सेफ.

माझ्या मामेभावानं हे वाचून एका एजंटला बयाना देऊनही टाकला. दर्यापूरकडचा शेतकरी माणूस, आईला दवाखान्यासाठी अमरावतीला न्यावं लागते म्हणून गाडी पाहिजे, चैनीसाठी नाही. अन् मलेच फोनवर सांगते, "दादा, सगळे असंच करतात." म्हणून हे लिहितो आहे.

पहिले नोटरीचाच मुद्दा घेतो, बाकी मुद्द्यांत पैसे जातील, यात वावर विकायची पाळी येऊ शकते. नोटरीचा कागद म्हणजे तुमच्या दोघांत व्यवहार झाला एवढाच पुरावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन आहे तो. सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे, कोणत्याही वकिलाला विचारा. पहिल्या मालकानं गाडी 2007 मध्ये विकली, पुढे ती या हातातून त्या हातात गेली, आरसीवर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कागदावर, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, त्यात जीव गेला. कोर्टानं भरपाई कोणाच्या माथ्यावर टाकली? दोन वर्षांआधी गाडी विकून मोकळ्या झालेल्या त्या पहिल्या मालकाच्या, कारण आरसीवर नाव त्याचं.

"मग हे तर विकणाऱ्याचं दुखणं झालं, आपल्याले काय?" असं मामेभाऊ म्हणाला. अरे बापा, तू तुझी जुनी ओमनी त्याच एजंटला एक्सचेंजमध्ये देऊन राहिला ना! त्या ओमनीच्या 29-30 फॉर्मवर तू सही केली, तारखेची जागा कोरी, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. उद्या ती कोणाच्या हातात जाईल, इन्शुरन्स असेल की नसेल, चालवणारा पिऊन असेल का, काहीच माहीत नाही, अन् कोणाला उडवलं तर नोटीस तुझ्या घरी येईल. कलम 50 सांगते की विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, दुसऱ्या राज्यात विकली तर 45 दिवसांत, अन् घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव बदलाचा अर्ज करायचा. हे टाळून वाचते काय, तर एजंटचा वेळ.

अन् घेणारा म्हणूनही फसलाच समजा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असेल, मराठीत आपण हायपोथिकेशनच म्हणतो, तर बँकेची एनओसी अन् फॉर्म 35 शिवाय तो उतरत नाही. थकलेलं कर्ज दुसऱ्याचं अन् गाडी उचलून नेतील तुमच्या दारातून. हे सगळं एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते, कितवा मालक, बोजा, इन्शुरन्स, सगळं. बयाना द्यायच्या आधी एवढं तरी पाहा ना!

इन्शुरन्सच्या बाबतीत अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य करतो. कलम 157 प्रमाणे थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, गाडीसोबत नव्या मालकाकडं जाते. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, याचं कव्हर तसं आपोआप जात नाही, 14 दिवसांत कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तर जुन्या मालकाचा, तो त्याच्यासोबत गेला.

आता दिल्ली. तिथं जुनी डिझेल स्वस्त मिळते हे खरं. 2015 च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली अन् आजूबाजूच्या भागात, बंद करायला सांगितल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं, पुढे 2025 मध्ये त्यावर पुन्हा कोर्टात घडामोडी झाल्या. त्यामुळं भाव पडले. पण तिथल्या आरटीओची फॉर्म 28 वर एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, हा खर्च मेसेजवाल्यानं धरलाच नाही. अन् 2013 ची गाडी घेतली तर 15 वर्षांचं रजिस्ट्रेशन 2028 मध्येच संपते, मग फिटनेस अन् 5000 रुपये फी भरून पाच वर्षांसाठी रिन्यू करा, वरून पर्यावरण कर.

डिझेलचा ॲव्हरेज जास्त, हेही खरं. पण हिशोब मांडा. महिन्याला 500 किलोमीटर, डिझेल 20 चा ॲव्हरेज अन् 90 रुपये लिटर धरलं, पेट्रोल 15 अन् 104, तर फरक महिन्याला बाराशेच्या आसपास. इंजेक्टर अन् टर्बोचं काम निघालं की वर्षा-दोन वर्षांची बचत एका बिलात जाते. ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाते त्याला डिझेल कायले पाहिजे?

मीटर मागं करणं आता लॅपटॉप लावून होते, त्यामुळं त्या आकड्यावर जाऊ नका. ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर पाहा, साठ हजारात ते गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असते, 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी हिस्ट्री निघते, ती मागा. अन् नवीन सीट कव्हर, नवीन मॅट, आत अत्तराचा वास असला तर खूश होऊ नका, आधी संशय घ्या. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठी पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला आली तर ओळखायची कशी? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथं गाळाची रेघ किंवा ओलसर वास राहून जाते. स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा, सीटच्या पटरीचे बोल्ट पाहा. गंज असला तर तिथूनच रामराम करा.

ब्रँड कोणताही चालते? शेवरलेनं 2017 मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करतो म्हणून जाहीर केलं. शहरात पार्ट मिळतीलही, तालुक्याच्या मेकॅनिककडं आठ-आठ दिवस गाडी उभी राहील. जाड पत्र्याचं तर काय बोलावं, ड्रायव्हर एअरबॅग अन् एबीएस (जोरात ब्रेक मारला तर चाक जाम होऊ न देणारी सोय) सगळ्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत कित्येकदा दोन्ही नसतात. पत्रा ठोकून पाहण्यापेक्षा हे पाहा.

माझं मत म्हणाल तर पेट्रोल डिझायर, अमेझ किंवा इटिऑस, शक्यतो 2015 नंतरची, एमएच 27, 30, 31, 32 (अमरावती, अकोला, नागपूर, वर्धा) अशा जवळच्याच पासिंगची, अन् मालकाच्या घरी जाऊन पाहिलेली. पैसे कमी पडले तर वरचं मॉडेल सोडा, जुनी टॅक्सी घेऊ नका. टुरिस्टची पिवळी नंबर प्लेट काढून खाजगीची पांढरी लावलेल्या डिझायर अन् इटिऑस बाजारात पुष्कळ आहेत, आरसीची जुनी नोंद तपासा. दुपारी ऊन तापलेलं असताना एसी लावून अर्धा तास चालवा, आपल्या मे महिन्यात जी गाडी तापेल ती तेव्हाच काटा वर नेईल. हजार-पंधराशे घेऊन पाहून देणारा मेकॅनिक सोबत न्या, विकणारा नाही म्हणाला तर परत फिरा.

मामेभावाला सांगितलं, बयाना परत माग, नाही दिला तर तेवढे गेले समज, अन् ओमनीचे कोरे फॉर्म मात्र आजच्या आज परत आण. पुढची गाडी ठरली की सगळी रक्कम एकदम द्यायची नाही, वीस-पंचवीस हजार मागं ठेवायचे अन् आरसीवर आपलं नाव चढलं की मग द्यायचे, हे व्यवहाराच्या कागदावर आधीच लिहून घ्यायचं.