पुन्हा तोच उर्मट राजपुत्र

जादूच्या कादंबऱ्या वाचतेय, आणि तिसऱ्या पुस्तकातही तेच! पहिली शंभर पानं काय सुंदर होती. प्रत्येक मंत्रामागे नायिकेची एक आठवण कायमची पुसली जायची. तहानभूक विसरून वाचत होते मी. आणि मग तो आला. वय ५०० वर्षं, देखणा, उर्मट. ती १७ची. तो तिला तोडून बोलतो, कोंडून ठेवतो, आणि याला प्रेम म्हणायचं? राज्य जळतंय, धाकटी बहीण कैदेत आहे, आणि ही त्याच्या डोळ्यांचा रंग न्याहाळत बसलीये! पुसलेल्या आठवणींचं पुढे नावही नाही. अहो, कोवळ्या वयाच्या मुली हे वाचतात. जो दरडावतो तोच खरा प्रियकर, हे कशाला भरवायचं त्यांच्या मनात? मला ती बहीण सुटलेली बघायची होती. शेवटच्या पानापर्यंत ती कैदेतच.