शॉर्टकट मेनूनंच शिकवले
सराईत माणसाला कॉम्प्युटर प्रोग्रामातला मेनू अडगळ वाटतो, म्हणून तो लपवावा, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. लातूरच्या मोंढ्यात मी आडतीवर हिशेब लिहितो. सोयाबीनची आवक वाढली की माउसला हात लावायलाही सवड नसते, सगळं कीबोर्डवर. पण ही बोटं तयार झाली मेनूमुळंच. 'सेव्ह'समोर 'कंट्रोल एस' लिहिलेलं रोज दिसायचं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वर बटणांची रांग आली, तरी एक्सेलमध्ये पेस्ट स्पेशलचा (कॉपी केलेल्यातलं हवं तेवढंच चिकटवायचा) जुना शॉर्टकट ऑल्ट-ई-एस चालूच राहिला. शिवाय नुसतं ऑल्ट दाबलं की पुढं कुठली कळ दाबायची, ती अक्षरं बटणांवर उमटतात. नव्याला दिसतं, जुन्याचं अडत नाही. आमच्या आत्ताच्या प्रोग्रामात 'प्रिंट' तीन रेघांच्या बटणामागं दडवलंय. नवीन पोरगं ते शोधत बसतं अन् शेतकरी विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळतो.